धुतलेला स्पंज

“…मग मासे मरतात कशाने, बुवा?”

भानगिरीबुवांनी उत्तर दिलं नाही. मठाच्या ओसरीवर बसून ते भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

अच्युतराव निमकरांना अशा गप्प बसण्याची सवय नव्हती. गावातली रक्त-लघवी तपासायची एकुलती एक लॅब त्यांची. तिथे सकाळी प्रश्न आत गेला की संध्याकाळी उत्तर छापून बाहेर येत असे. त्यांनी प्रश्नच जरा नीट मांडून पाहिला.

“टाकीत घालायचे दगड उकळून घेतले. माती खास बाहेरून मागवली. लाकूड भिजवून, घासून मगच आत ठेवलं. एकेक रोप चिमट्याने लावलं. रोपं झकास वाढताहेत. मासे तेवढे टिकत नाहीत. आणतो, दोन-तीन दिवस बरे फिरतात, मग एका सकाळी तळाशी…”

“पाणी?”

“पाण्याचं विचारूच नका. पलीकडची भिंत दिसते इतकं नितळ.”

दुसऱ्यांच्या रक्तातली साखर मोजण्यात या माणसाचं आयुष्य गेलं होतं. आपल्या टाकीतलं पाणी मात्र त्यांनी एकदाही तपासलं नव्हतं. इतकं स्वच्छ पाणी तपासायचं कशाला, असं त्यांना वाटे.

बुवांच्या मागे, ओसरीच्या कोपऱ्यात, मठाचीही एक काचेची टाकी होती. कुणा भक्ताच्या मुलाला कंटाळा आला म्हणून इथे येऊन पडलेली. तिच्या काचांवर शेवाळ होतं, गोगलगायी होत्या, आणि ओढ्यातून उपटून आणलेलं पाणगवत हवं तसं माजलं होतं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. त्यात ओढ्यातले बारके मासे आपली पिल्लावळ घेऊन हिंडत असत. ती टाकी पाहिली की अच्युतरावांचे हात शिवशिवत. मागे एकदा त्यांनी ती स्वखर्चाने साफ करून द्यायची तयारीही दाखवली होती.

“ते असो,” ते म्हणाले. “मी आलो ते वेगळ्या कामाला. मंगळवारचा दिवस चांगला आहे. आपण घरी यावं आणि मला अनुग्रह द्यावा. पुढच्या खोलीत, टाकीसमोर बसू. तोवर घरही मोकळं होईल.”

“मोकळं?”

“नानांची सोय केली. सोमवारी वृद्धाश्रमाची गाडी येते. मी स्वतः जाऊन पाहिलंय. अगदी स्वच्छ आहे.”

बुवांचा हात थांबला.

“नाना काय म्हणाले?”

“वडिलांना आता कुठे काय कळतंय, बुवा. सगळं कपड्यातच होतं. रोज चादरी, रोज गादी. घरभर वास… डोळे मिटून ध्यानाला बसलो की पहिला तोच नाकात शिरतो.”

बोलून गेल्यावर त्यांना कसंसंच झालं. घाईघाईने ते म्हणाले, “मी काही कमी केलं नाही. बाई ठेवली. ती सोडून गेली, दुसरी ठेवली. बायकोलाही आता झेपत नाही, ती लेकीकडे जाऊन राहिली आहे.”

हे खरं होतं. बापावर त्यांचं प्रेम होतं. किळसही येत होती, आणि बापाची किळस येते याची लाज तर रात्रंदिवस पोखरत होती. सोमवारी ही लाजही नानांबरोबर गाडीत बसून निघून जाईल, अशी त्यांची समजूत होती.

बुवा उठले. टाकीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी फिल्टरमधला स्पंज बाहेर काढला. काळपट, बुळबुळीत, गाळाने जड झालेला. टाकीतलंच पाणी एका स्टीलच्या डब्यात घेऊन त्यांनी तो त्यात बुडवला आणि झाकण लावलं.

“चल.”

“कुठे?”

“मासे मरतात तिथे.”

गाडीत अच्युतरावांनी डब्याखाली आधी वर्तमानपत्र पसरलं, मगच गाडी सुरू केली.

घरी पुढच्या खोलीत टाकी उजळून निघाली होती. बारीक हिरवळ तळभर पसरली होती, तिच्यातून तीन दगड वर आलेले. मागच्या बाजूला तांबूस पानांची रोपं एका उंचीत कापलेली. लाकडाच्या फांदीवर मऊ शेवाळ बांधलेलं, तेही कात्रीने नेटकं केलेलं. कुठे एक सुटं पान नव्हतं.

बुवा कितीतरी वेळ पाहत उभे राहिले.

“सुंदर आहे,” ते म्हणाले.

अच्युतरावांचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत बुवांच्या तोंडून कशालाच सुंदर म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

“हा एकटाच?”

वरच्या कोपऱ्यात एक निळसर मासा पाण्याला तोंड लावून धापा टाकत होता.

“काल आणखी होते…”

“फिल्टर उघड.”

अच्युतरावांनी उघडला. आतला स्पंज दुकानातून आत्ताच आणल्यासारखा होता, पांढराशुभ्र.

“नवा घातलास?”

“पहिल्यापासूनचा आहे,” त्यांना बोलताना अभिमान लपवता आला नाही. “दर रविवारी नळाखाली धरतो. गाळ जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत पिळतो.”

“मासा खातो. मग घाण करतो. ती कुठे जाते?”

“मी धुऊन टाकतो ना.”

“तू रविवारी येतोस. बाकीचे दिवस?”

अच्युतरावांनी फिल्टरमधल्या पांढऱ्या स्पंजाकडे पाहिलं.

“तो गाळ म्हणतोस ना, त्यात जीव वस्तीला येतात. डोळ्यांना दिसत नाहीत. माशाची घाण हेच त्यांचं अन्न. ते असतात तोवर पाणी गोड राहतं. ते गेले की मासा आपल्याच घाणीने मरतो.”

“म्हणजे… जंतू,” अच्युतराव हळूच म्हणाले. या शब्दाशी त्यांनी उभा जन्म वैर केलं होतं.

“नाव काहीही ठेव. त्यांना वस्ती करायला वेळ लागतो. ते आले की तू त्यांना मोरीत सोडतोस.”

बुवांनी डबा उघडला. ओढ्याच्या चिखलाचा वास खोलीत पसरला. त्यांनी काळा स्पंज हातात घेतला आणि टाकीवर धरला.

“बुवा, नको.”

अच्युतरावांनी त्यांचं मनगट धरलं होतं. पायांखेरीज ज्यांना कधी स्पर्श केला नाही त्यांचं मनगट. आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊनही त्यांना ते सोडवेना.

बुवांनी हात सोडवून घेतला नाही. धरलेल्या हातानेच त्यांनी मूठ आवळली.

तपकिरी लोट पाण्यात उतरला. दगडांवरून घरंगळत हिरवळीवर गेला, पानापानांत शिरला. बुवांनी पुन्हा पिळलं. मग पुन्हा. हिरवळ दिसेनाशी झाली, दगड गेले, शेवटी तो निळसर मासाही त्या गढूळ पाण्यात हरवला.

अच्युतरावांचा हात गळून पडला. डोळ्यांत पाणी आलं. किती रात्री त्यांनी या टाकीपुढे काढल्या होत्या. मागच्या खोलीतून खोकल्याचा आवाज यायचा तेव्हा बघायला म्हणून एवढी एकच जागा घरात होती.

“काचेसारखं होतं पाणी…”

“होतं.”

“आता हा जगेल?”

“जगेलही. ही वस्ती रुजली तर. तू हात आवरलास तर.”

“आणि पाणी निवळेल कधी?”

“त्याचं ते निवळतं.”

दोघं उभे होते. लोट सावकाश खाली बसत होता. काचेपलीकडे क्षणभर काहीतरी निळं हललं आणि पुन्हा दिसेनासं झालं.

“अच्युत…”

हाक मागच्या खोलीतून आली. थकलेली, ओशाळलेली. काय झालं आहे ते हाकेवरूनच कळत होतं. दुपारची वेळ, सांभाळणारी बाई घरी गेलेली. पाठोपाठ वासही आला.

नानांना काही कळत नाही, असं अच्युतराव बुवांना सांगून आले होते. ती हाक ऐकताना ते त्यांना आठवलं.

सवयीने त्यांनी कपाटाचा खण ओढला. लॅबमधले रबरी हातमोजे काढले, एक चढवला, दुसरा चढवला. आतल्या दारापर्यंत गेले आणि थबकले.

“बुवा, मंगळवारचं… अनुग्रहाचं नक्की ना?”

बुवांच्या बोटांवरून गाळाचं पाणी पांढऱ्या फरशीवर ठिबकत होतं. त्यांनी ते पुसलं नव्हतं.

“मंगळवार कशाला? आजच देतो. मोजे काढ, आणि आत जा.”