सरांची लाल शाई

देवस्थळी सर गेले आणि त्यांचा अर्धवट शब्दकोश पोरका झाला. शोकसभेत विभागप्रमुख पिंगुळकर तासभर स्वतःविषयीच बोलले. शेवटी म्हणाले, "कोश आता मीच पुरा करणार. माझा प्रबंध सरांनी एकही लाल खूण न करता मंजूर केला होता! आणि या मंदाकिनीबाईंचा किती वेळा परत केला, विचारा त्यांनाच."

सभेत खसखस पिकली. मंदाकिनीची कानशिलं तापली, पण ती उठली.

"सात वेळा. सातव्यांदा मला रडूच कोसळलं. तेव्हा सर म्हणाले, 'पोरी, सुधारण्यासारखं काही असेल, तिथंच मी शाई घालवतो.'"

सरांच्या डोळे पुसणाऱ्या पत्नीला हसू फुटलं. त्यांनी कोशाचं बाड, लाल पेनासकट, मंदाकिनीच्या हाती दिलं.