उसनी अर्धी घटका

शके अठराशे एकाहत्तर, ज्येष्ठ वद्य पंचमी. त्या दिवशी नदीकाठच्या एका गावात सुट्टी संपून शाळा उघडली.

त्या गावात तांबटांची एक आळी होती. बावीस घरे. दिवस उगवला की बावीस घरांत तांबे ठोकले जाई, ते थेट दुपारच्या भाकरीपर्यंत; पुढे रात्रभर तोच नाद कानांत घुमे. आळीत कोणी मेले तरच सकाळचा हातोडा थांबे, आणि तेव्हा रडारड चाले. सात पिढ्यांची रीत होती ती. त्यामुळे आळीतली माणसे ओरडूनच बोलत. मीठ मागायचे तरी ओरडून. हळू बोलणारा माणूस एक तर आजारी असणार, नाही तर लबाड, असे तिथे धरून चालत.

या आळीत एक तांबट होता. हाताचा पक्का, जिभेचा तिखट. त्याचे दोन मुलगे शाळेत जात. धाकटी वेणू सहा वर्षांची. ती त्या दिवशी पहिल्यांदा जायची होती.

सकाळ झाली.

"माझी टोपी कुठंय?"

"कालपासून सांगतेय, पाटी-दप्तर काढून ठेवा! ऐकेल तर शपथ!"

"अगं, भाकरी बांधलीस का?"

"मला काय चार हात आहेत? तुम्ही बांधा की!"

"वेणू! ए वेणू! घंटा होईल, मास्तर छडी घेऊन बसलाय तिकडे!"

टोपी सापडताच मुलगे पळाले. वेणू त्यांच्याबरोबर गेली असे आईला वाटले. बापालाही वाटले. मुलांना वाटले, ती आईबरोबर येईल.

तांबट कामाला बसला. देवळाच्या भंडाऱ्यासाठी त्याने एक तपेले घडवले होते. दोनशे माणसांचा भात शिजेल एवढे. उचलायला चार गडी लागत. आळीत एवढे भांडे कोणी पाहिले नव्हते. येणारा-जाणारा थांबून हात लावून जाई. ते आडवे ठेवलेले होते, तोंड भिंतीकडे.

तांबट रागातच होता. त्याने तीन ठोके घातले. चौथा घालणार तो हात थांबला. भांडे बद्द वाजले होते. रिकामे तांबे असे वाजत नाही.

तो भिंतीच्या बाजूने वाकला. आत वेणू बसली होती. दोन्ही हात कानांवर. तोंड उघडे, पण त्यातून आवाज येत नव्हता.

त्या दिवसापासून वेणू बोलेना. जेवायची, झोपायची, पण बोलायची नाही. झोपेतही हात कानांवर. मास्तरांनी निरोप धाडला, "आठ दिवसांत पोर आली नाही तर नाव काढून टाकीन."

आईने देवाला नारळ बोलला. शेजारणी म्हणाल्या, "हट्ट आहे नुसता. दोन ठेवून द्या."  चौथ्या दिवशी तांबट स्वतः तपेल्यात शिरला आणि गुडघे पोटाशी घेऊन बसला.

"अगं, आता बोल."

"काय बोलू?"

"रोज सकाळी बोलतेस ते. पोरांनो, तुम्हीही. आणि एकाने हातोडा घ्या."

"अहो, मला लाज वाटते."

"रोज नाही वाटत?"

मग ते ओरडले. टोपी, पाटी, भाकरी, घंटा, छडी. थोरल्याने हातोडा घातला.

तांबट बाहेर आला तेव्हा त्याचेही दोन्ही हात कानांवर होते. चाळीस वर्षे तो भांडी बाहेरून वाजवत आला होता. आतून काय ऐकू येते ते त्याला ठाऊक नव्हते.

तो आळीतल्या सर्वांत वडील माणसाकडे गेला. ऐंशीच्या घरातला म्हातारा. सगळे त्याला आबा म्हणत.

"आबा, सकाळचे हातोडे थांबवून हवेत. अर्धी घटका."

"कोण मेलं?"

"कोणी नाही. माझी पोर शाळेत जायचीय."

ओट्यावर बसलेले हसले. एक जण म्हणाला, "उद्या याची मांजर व्यायली की हा दोन दिवस मागेल!"

तांबट रागावला नाही. तो म्हणाला, "आबा, नाही म्हणा, चालेल. आधी एकदा माझ्या तपेल्यात बसा."

म्हाताऱ्याला दोघांनी धरून आत बसवले. हसणारे बाहेर उभे राहिले. हातोडा पडला. एकदा. दोनदा.

आबा बाहेर आला. बराच वेळ तो तांब्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "माझी पोरंही असंच ऐकत होती होय रे?"



"उद्याची अर्धी घटका देतो," आबा म्हणाला. "पण उसनी. मी मागेन तेव्हा परत करायची."

"करीन."

त्या संध्याकाळी तांबटाने पाट्या पुसून, टोप्या झटकून उंबऱ्याजवळ ओळीने ठेवल्या. भाकरीची फडकी काढून ठेवली. बायकोला म्हणाला, "उद्या ज्याला जे सांगायचं ते जवळ जाऊन सांगायचं. लांबून हाक नाही."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. हातोडा पडला नाही.

आळी दारात येऊन उभी राहिली. तांबटाच्या घरात आई एकेका मुलाजवळ जाऊन बोलत होती. बाहेर कबुतर उडाले तर त्याचे पंख ऐकू आले. मग खालून एक आवाज वर आला. एकसारखा, न थांबणारा.

सत्तर वर्षे आळीत काढलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, "हा कसला गं आवाज?"

"नदीचा," माहेरी नदी ऐकलेली सून म्हणाली.

म्हातारीने हात जोडले. माणसे पापणी न हलवता ऐकत राहिली. सात पिढ्या ती नदी पाठीमागून वाहत होती.

वेणूने एका कानावरचा हात काढला. मग दुसऱ्या. चार दिवसांनी तिने तोंड उघडले.

"बाबा, कोण मेलं?"

तांबट तिच्यासमोर खाली बसला. इतक्या हळू तो जन्मात बोलला नव्हता.

"कोणी नाही, बाळ. तू शाळेत चाललीस."

वेणूने आळीकडे पाहिले. सगळे हातोडे जमिनीवर होते.

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मग चला की. घंटा होईल."

ती निघाली. तिच्या पायातले वाळे वळणापर्यंत ऐकू येत होते. तोवर आळीत कोणी हलले नाही.

पुढे हातोडे पूर्वीसारखे चालू झाले. पोटाचा धंदा होता. पण तांबटाच्या घरात लांबून हाक मारणे बंद झाले ते झालेच. वेणू रोज शाळेत गेली.

तात्पर्य लिहावे लागते म्हणून लिहितो: शाळेची घाई मोठ्यांना बाहेरून दिसते, लेकराला ती आतून ऐकू येते. म्हणून ओरडू नये, जवळ जावे.

पण उसने अजून फिटायचे होते.

शके अठराशे बहात्तर. ज्येष्ठ वद्य, शाळेचा पहिला दिवस. तांबटाच्या दारात लग्नघरची गाडी जुंपून उभी होती. मोठ्या हंड्यावर शेवटचे ठोके पडत होते. समोर आबा आपल्या दारात आला. त्याच्या हाताला धरून नातू उभा होता, नवी पाटी काखेत.  आबाने नुसते तांबटाकडे पाहिले.

तांबटाने हातोडा खाली ठेवला.

"अहो, चारच ठोके राहिलेत! मुहूर्त टळेल!" गाडीवाला ओरडला.

तांबट उठून त्याच्याजवळ गेला आणि हळू म्हणाला, "थांबा."

मग बाकीचे एकवीस हातोडे थांबले. नातू वळणापर्यंत गेला. खाली नदी वाहत होती.

अर्धी घटका झाली. उसने फिटले.