धुनीपाशी वाळलेला तळ

श्रीसोमगीर महाराजांनी हिरडेवाडीच्या मठात धुनी पेटवली, आणि ती पुढं कधी विझली नाही. घाटमाथ्यावरचं हे गाव. पावसाळ्यात इथं अंथरुणं ओली, सरपण ओलं, भिंतींना बुरशी. कोरडी जागा म्हणाल तर महाराजांच्या धुनीभोवतीची, तेवढीच. काकडलेला माणूस येवो की भिजलेलं कुत्रं, महाराज सरकून घेत आणि म्हणत, "ये बाबा, शेक."

मठाचा कारभार दामूअण्णा शेटे बघत. माणूस मनानं वाईट नव्हता, पण सोवळ्याचा ताठा भारी. मठ आपल्यामुळं चालतो अशी त्यांची पक्की समजूत होती. जोडे दुरुस्त करणारा लिंबाजी रोज संध्याकाळी उंबऱ्याबाहेर बसून भजन ऐकायचा. त्याला बघितलं की अण्णांना चेष्टा सुचायची. "लिंबाजी, देव अनवाणी असतो रे. तुला इथं गिऱ्हाईक मिळायचं नाही." लोक हसायचे, लिंबाजीही हसायचा. घरी गेल्यावर मात्र त्याला घास गोड लागत नसे.

एके दिवशी सकाळीच सुलोचना नर्सबाई आपले बूट घेऊन त्याच्याकडे आल्या. दोन्ही तळ पुढून सुटून जबडा वासल्यासारखे झाले होते.

"लिंबाजी, मला हे आजच हवेत. ओढ्यापलीकडच्या वाडीत एक बाई दिवस भरलेली आहे, लक्षण मला ठीक दिसत नाही. बोलावणं कधीही येईल."

तो ओढा ओलांडायचा म्हणजे शेवाळलेल्या खडकावरून. तिथं धडधाकट गडीही घसरून वाहून गेलेले. लिंबाजीनं टायरच्या रबराचे तळ कापले, कानशीनं खरवडले, चिकटवायचं सोल्युशन लावलं आणि गडबडीत लगेच दाबून बसवले. जन्म या कामात गेला, तरी घाईनं घात केलाच! सोल्युशन दोन्ही अंगांना लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यावं लागतं. त्यानं ओढून बघितलं तर तळ हातात आला. स्वतःला शिव्या घालत त्यानं सगळं खरवडून पुन्हा लावलं. पण हवाच इतकी ओली की काही केल्या ते वाळेना. घरच्या चुलीत धुराशिवाय काही नव्हतं. शेवटी बूट पदराखाली मूल घ्यावं तसे घोंगडीखाली घेऊन तो मठाच्या दारात उभा राहिला.

"अण्णा, एवढं वाईच धुनीच्या उबंला धरू द्या. नर्सबाईचं हायेत."

अण्णा कडाडले, "पायातलं धुनीपाशी? उद्या म्हणशील, गावचं गटार इकडून वळवा!"

बसलेली मंडळी खो खो हसली. लिंबाजी मान खाली घालून वळला, तोच आतून हाक आली.

"लिंबाजी, आत ये."

"महाराज, मी... आत?"

"मग काय मी बाहेर येऊ? तुझं काम मला कुठं येतंय!"

लिंबाजीनं आयुष्यात पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. महाराजांनी स्वतः बूट हातात घेतले आणि भाकरी शेकावी तसे जाळापासून लांब धरून अलगद फिरवू लागले. लिंबाजीनं बोट लावून बघितलं. सोल्युशन वाळलं होतं. त्यानं तळ नेमके बसवले, हातोडीनं ठोकले आणि म्हणाला, "आता वर वजन पायजे. थोडा येळ हलायला नगं."

महाराज उठले. आसनाखाली बूट ठेवले, त्यावर पाट टाकला, पाटावर आसन, आणि आसनावर महाराज! चामड्याच्या बुटांवर सद्गुरू बसलेले बघायची वेळ आली म्हणून अण्णांनी कपाळाला हात लावला.

इतक्यात वाडीवरचा एक गडी धावत आला. दोन्ही गुडघे फुटलेले, अंगभर चिखल.

"अण्णा, कुसुमवैनी अडल्यात! पोर आडवं हाय म्हंत्यात. नर्सबाईला लवकर धाडा."

कुसुम म्हणजे अण्णांची एकुलती एक मुलगी. दुसरं बाळंतपण म्हणून सासरीच राहिली होती. अण्णांनी लगेच नर्सबाईंकडं माणूस पिटाळला. नर्सबाई आल्या, तर अण्णांनी आपले नवेकोरे जोडे त्यांच्यापुढं सरकवले. कातडी तळाचे गुळगुळीत जोडे ते! नर्सबाई मठाच्या ओल्या पायरीवरच घसरल्या.

"महाराज, उठा. ते बूट द्या," अण्णा कळवळून म्हणाले.

"लिंबाजी सांगेल तेव्हा उठेन," महाराज म्हणाले.

अण्णांनी लिंबाजीकडं पाहिलं. मघाशी हाकललेल्या माणसापुढं आता ते हात जोडून उभे होते. लिंबाजीनं वाकून पाटाखाली बोट घातलं आणि तळाची कड चाचपली.

"अण्णा, आत्ताच काढलं तर मधल्या खडकावर तळ निघून येईल. लेक तुमची हाय, तशी माझीबी हाय. वाईच कळ काढा."

ती कळ काढताना अण्णा अर्धे झाले. मग लिंबाजीनं मान हलवली, महाराज उठले. रबराची कड जरा बाहेर राहिली तरी खडकात अडकून उचकटेल, म्हणून लिंबाजीनं रापीनं कडा सारख्या कापल्या, कानस फिरवली आणि बूट स्वतःच्या हातानं नर्सबाईंच्या पायात चढवले. त्या गड्याला घेऊन नर्सबाई निघाल्या.

लिंबाजी पुन्हा उंबऱ्याबाहेर जाऊन बसला. मनात म्हणाला, 'माझ्या हातात हुतं तेवढं केलं. आता तळाखाली तू ऱ्हा, देवा.' आत महाराज धुनीपुढं डोळे मिटून बसले. अण्णा समोर बसून त्यांच्याकडे एकटक बघत राहिले. महाराज जागचे तसूभरही हलले नाहीत.

दिवस कलायला आला तेव्हा नर्सबाई परतल्या. चिखलानं माखलेल्या, पण चेहरा हसरा.

"अण्णा, नातू झाला. कुसुम सुखरूप आहे."

अण्णा लहान मुलासारखे रडू लागले. नर्सबाई पुढं सांगू लागल्या, "मधल्या खडकावर पाण्याचा लोंढा आला. गेले असंच वाटलं. पण खालून कुणीतरी दोन्ही तळवे घट्ट धरले हो! पाण्यात दिसत कुणी नव्हतं. मी पाऊल उचललं की तो हात सोडी, टेकवलं की पुन्हा धरी."

तेवढ्यात महाराजांनी मांडी मोडून पाय लांब केले. दिवसभर धुनीपुढून न उठलेल्या त्या पावलांना हिरवं ओलं शेवाळ लागलं होतं. तळवे खडकावर घासल्यासारखे सोलवटले होते.

"महाराज!" म्हणत अण्णा पायांवर झेपावले, पण महाराजांनी पाय आखडून घेतले.

"माझे पाय नंतर. आधी दारात जा. तो तुझ्या घाईला भुलला असता तर तळ निघून आला असता, मग मी काय धरलं असतं?"

अण्णा उठले, उंबरा ओलांडून बाहेर आले आणि सगळ्या गावादेखत त्यांनी लिंबाजीच्या पायांवर डोकं ठेवलं. लिंबाजी पुरता गोंधळला. त्यांना खांद्याला धरून उठवताना त्याच्या बोटांचं काळं अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्याला लागलं.

"अण्णा, सदरा खराब झाला वं."

"असू दे, दादा," अण्णा म्हणाले, आणि त्याचा हात धरून त्याला धुनीपाशी घेऊन गेले.