शंभर लाडवांची दिवाणगिरी

राजाच्या कोठारात धान्य होतं शंभर खंडी, आणि मागणी आली दीडशेची. सेनापतींना घोड्यांसाठी साठ हवं, थोरल्या राणीसाहेबांना भावाच्या लग्नासाठी पन्नास, राजगुरूंना यज्ञासाठी चाळीस. 'नाही' ऐकायची सवय तिघांपैकी एकालाही नव्हती. दिवाणजींनी आठ दिवस डोकं धरलं आणि नवव्या दिवशी ते अनवाणीच काशीला निघून गेले.

राजेसाहेबांनी जेवताना ही हकिकत सांगितली. मी आमटी वाढत होते. मला हसू फुटलं. माझ्या तोंडाला दार कधी नव्हतंच.

"हसतेस काय, भिवराक्का?" राजे म्हणाले. "उद्यापासून तूच दिवाण. कुणाला नाही म्हणायचं नाही, कुणी रुसता कामा नये, आणि पेरणीला तीस खंडी बियाणं उरलं पाहिजे. जमलं नाही तर वाडा सोड."

झालं! चाळीस वर्षं वाड्यावर राबलेली मी. गुडघे गेलेले, दात गेलेले, बाहेर मला ठेवणार कोण? हिशेबात तर अशी हुशार, की विसाच्या पुढं मोजायला हातापायांची बोटं पुरत नाहीत. मला येतं ते एकच. वाढणं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी बुंदीचे शंभर लाडू वळले. वीस-वीसचे पाच ढीग लावले, म्हणजे माझं मलाच कळावं. चौकात पंगत मांडली. वरच्या ओळीत राजे आणि ते तिघं. बरोबर त्यांच्या नाकासमोर तीस गावांचे तीस शेतकरी. आणि जेवणाची वेळ मुद्दाम इतकी टळू दिली, की राजगुरूंनी दोनदा सूर्याकडे बघितलं.

"एक लाडू म्हणजे एक खंडी," मी सांगितलं. "ज्याच्या पानात जितके, त्याला तितकं धान्य. आणि रीत ठाऊक आहेच. सगळी पानं वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही."

परात घेऊन सेनापतींपुढं वाकले.

"साठ ना? घ्या, लाजू नका."

दहा झाले, वीस झाले. पानावर डोंगर झाला. सेनापती हळूच म्हणाले, "आक्का, समोरच्यांना कधी वाढणार?"

"त्यांचं काय घेऊन बसलात? ते थांबतील. गेल्या साली बियाण्यासाठी नाही का थांबले?"

समोरच्या शेतकऱ्यांतला कोंडिबा आपल्या रिकाम्या पानावरची माशी हाकत होता. डोंगरावरचा एक लाडू घरंगळून राणीसाहेबांच्या पाटाला लागला.

"सेनापतींची भूक दांडगी हो," राणीसाहेब म्हणाल्या.

सेनापतींनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. "पुरे."

"अहो, तीसच झाले."

"पुरे म्हटलं ना! घोडे चरतील माळावर."

मग राणीसाहेब. मी मोठ्यानं म्हटलं, "आपल्याला पन्नास. सेनापतींपेक्षा वीस जास्त. माहेरचं कार्य आहे, कुणाची बोलायची छाती आहे?"

राणीसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की माझी वेणी सरळ झाली. "पंचवीस वाढ. माझ्या माहेरची माणसं हावरी नाहीत."

राजगुरूंनी तर आधीच पानावर हात धरून डोळे मिटले. "आम्हाला पाच पुरेत."

मी घाबरले. आत्ता पाच म्हणतील आणि महिनाभर रुसतील. "छे, मग यज्ञ कसा व्हायचा? माझी शपथ आहे!"

राजगुरूंचा हात काही हलला नाही, पण बोटं इतकी फाकली, की मधून लाडू बरोबर जायचा. असे पंधरा गेले.

परातीत तीस उरले. मी शेतकऱ्यांकडे वळणार, तेवढ्यात राजे म्हणाले, "थांब. मला नवा हत्ती घ्यायचाय. त्याला दहा खंडी लागतील."

मी तोंड हसरं ठेवलं. "दहाच कशाला, महाराज? तीसही घ्या."

मी परात त्यांच्या पानाशी नेली. समोरच्या तीस माना एकदम वर झाल्या. तेवढ्यात राजांचं पोट गुरगुरलं, आणि ते अगदी कोंडिबापर्यंत ऐकू गेलं. राजांनी पानावर दोन्ही हात दाबले.

"पुरे, आक्का."

"मी अजून एकही वाढला नाही, महाराज."

"तरी पुरे!"

मी पटकन शेतकऱ्यांना एकेक लाडू वाढला, म्हणजे तीस गावांचं तीस खंडी बियाणं उरलं. जेवणं झाली, सेनापतींनी ढेकर दिली, तेव्हा राजांनी विचारलं, "काय गं, यातल्या एकालाही नाही म्हणाली नाहीस. हे जमलं कसं?"

"नाही म्हणायचं काम वाढणारीचं नसतं, महाराज," मी म्हटलं. "ते जेवणाऱ्यावर सोडायचं. आपण नुसता आग्रह करायचा."

राजे इतके हसले, की त्यांना उचकी लागली. त्यांनी मला सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि दिवाणाच्या गादीवर बसवलं. बसले मी थाटात. पण गुडघ्यांमुळं उठता येईना, तेव्हा सेनापती एका बाजूनं आणि राजगुरू दुसऱ्या बाजूनं, असं दोघांनी मिळून ओढून काढलं मला.