सगुणाबाईचे माप

कृपाळ महाराज फिरत फिरत गोदाकाठच्या केळपिंपरीला आले, तेव्हा तिथले ख्रिस्तमंदिर पडायला आले होते. दुष्काळात खडी फोडणाऱ्या लोकांनी ते दगड-चुन्यात उभारलेले. महाराज तिथेच ओसरीवर राहिले. सकाळी ख्रिस्ताचे भजन करीत, दिवसा दगड वाहत.

दुरुस्ती शिमोन गवंड्याकडे होती. वेदीवरची कमान त्याने दोनदा बांधली, दोनदा ढासळली. चुना धरतच नव्हता.

मंडळीचे पंच रत्नाकरराव सगळ्यांदेखत म्हणाले, "चाळीस वर्षं चुना दळला बायकोने, अन् उस्ताद म्हणवून घेतलं याने! पुनरुत्थानाच्या सणाला कमान उभी नसेल, तर हे पाडून पत्र्याची शेड घालू."

शिमोन खाली बघत राहिला. खोटे काय होते त्यात? चुना दळायच्या घाणीचा बैल त्याची बायको सगुणाच हाकायची. चुन्यात गूळ किती, हिरड्याचे पाणी किती, हे त्याला ठाऊक होते. पण चुना किती वेळ दळायचा, हे त्याने तिला कधी विचारलेच नाही. आणि ती जाऊन आता वर्ष झाले होते.

महाराज अंगणातल्या घाणीपाशी आले. "शिमोन, सगुणा इथे काय करायची रे?"

"गायची, महाराज. एकच गीत. ते संपलं की हाक मारायची, 'अहो, चला, न्या.'"

"मग तेच माप."

"ती गेल्यापासून माझ्या तोंडून गीत निघत नाही."

"निघेल तसं म्हण. प्रभू ऐकतो."

शिमोनने बैल हाकला. बेसूर, अडखळत गाऊ लागला. शेवटच्या कडव्याशी थांबला. ते त्याने कधी नीट ऐकलेच नव्हते.

तोच रिकाम्या मंदिरातून बाईचा आवाज आला! कडवे लांबलचक होते. बैलाचे कितीतरी फेरे झाले. मग हाक आली, "अहो, चला, न्या."

काम बघायला आलेले रत्नाकरराव धावत आत गेले. आत कोणी नव्हते.

त्या मापाच्या चुन्याने शिमोनने कमान पुन्हा बांधली. सणाच्या सकाळी कमानीखालच्या आधाराच्या फळ्या काढल्या. शिमोन स्वतः खाली उभा राहिला. कमान तसूभरही हलली नाही.

रत्नाकरराव महाराजांच्या पाया पडायला वाकले. महाराज मागे सरले. "माझ्या कशाला? मी नुसते दगड वाहिले."

रत्नाकरराव अंगणात गेले आणि घाणीच्या दगडावर त्यांनी डोके टेकले. "सगुणाबाई, चुकलो."

आत कमानीखाली शिमोन शेवटचे कडवे म्हणत होता.