शेजारणीचं अंगण

फाल्गुन शुद्ध त्रयोदशी, सकाळचे सव्वानऊ. स्थळ: कोंडनेर गावच्या देवीच्या देवळापुढचं पटांगण. पिंपळाचा पातेरा, म्हणजे झडलेला पाला, घोट्याच्या वर साचलेला. त्यातच उभे राहून दाजी शिगवण, वय एकोणऐंशी, पालखीचे पिढीजात मानकरी, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना गावची रीत सांगत होते.

शिमग्याची पालखी घरोघर येते. तिच्यासाठी गावात अंगणं तण काढून, चोपून, शेणानं सारवून होतात, झाडांची आळी साफ होतात. पण प्रत्येकानं करायचं ते शेजाऱ्याचं. त्या आठवड्यात स्वतःच्या अंगणात खराटा धरला तर देवी कोपते म्हणे.

याचं मूळ आवडाबाईपाशी आहे, असं सांगतात.

आवडाबाईचं आणि शेजारच्या तुळसाचं अंगण एकमेकांना लागून. मधे कमरेएवढा दगडी गडगा, गडग्यावर फणस. फणसाची पानं बारा महिने पडायची. आवडाबाई आपल्या बाजूची गोळा करून पलीकडे लोटायची, तुळसा दुपारी तीच परत पाठवायची. एकच पान महिनाभर ये-जा करायचं म्हणे. शेवटी आवडाबाई त्यातली काही तोंडावरून ओळखू लागली.

एका शिमग्याला ती भर पाणवठ्यावर नवस बोलली. "पालखी टेकल्यावर माझ्या अंगणात एक पान दिसलं, तर मरेपर्यंत तुळसाचं अंगण झाडीन!"

"मीपण गो!" तुळसा घागर आपटून म्हणाली. "माझ्यात दिसलं तर मी तुझं झाडीन. जड जाईल, पण झाडीन. तुझ्यात घाण फार!"

बोलून तर बसली, पण त्या दिवसापासून आवडाबाईला झोप नाही. हरली तर जन्मभर त्या बाईच्या दारात वाकायचं! पालखीच्या सकाळी ती शिडी लावून फणसावर चढली आणि आपल्या बाजूचं पान न् पान खुडत वर गेली. शेंड्याशी पोचते तो पलीकडच्या फांदीवर तुळसा.

"अर्धं झाड तुझं, अर्धं माझं," तुळसा म्हणाली. "मधल्या फांदीला हात लावशील तर बघ."

दुपारी पालखी आली तेव्हा फणस पिसं उपटलेल्या कोंबडीसारखा उभा होता. ढोल वाजले, पालखी नाचली, आवडाबाईच्या अंगणात टेकली. सारवण आरशासारखं. आणि पालखीच्या छतावरून एक पान अलगद खाली आलं.

तुळसा हसता हसता गडग्यावर बसली. तिचं हसू फार टिकलं नाही. पालखी तिच्या दारात टेकली आणि दुसरं पान पडलं.

आवडाबाईनं दोन्ही पानं उचलली, उलटसुलट पाहिली. फणसाची नव्हती, पिंपळाची होती. पंचक्रोशीत पिंपळ एकच, देवळापुढे.

"मानकऱ्यांनो," ती म्हणाली, "आम्ही दोघी झाडाला लोंबकळलो. देवी जिथून निघाली ते पटांगण कुणी झाडलं?"

मानकऱ्यांनी ढोल वाजवायला सांगितलं.

नवस तो नवस. दुसऱ्या दिवसापासून आवडाबाई तुळसाचं अंगण झाडू लागली, तुळसा आवडाबाईचं. दोघी एकमेकींच्या झाडण्याला अशी काही नावं ठेवायच्या, आणि ती खोटी पाडायला इतकं लख्ख झाडायच्या, की गावानं तीच रीत उचलली.

आजही शिमग्याआधी कोंडनेरमध्ये जो तो शेजाऱ्याच्या दारात वाकलेला दिसतो. सगळी अंगणं लख्ख असतात.

"आणि हे पटांगण, दाजी?" पाहुण्यांतल्या एका बाईंनी पायातली पानं झटकत विचारलं. "हे कुणाकडे?"

"देवळाला शेजारी नाही," दाजी म्हणाले.

"मानकरी आहेत ना?"

दाजींना पालखीचे गोंडे बांधायचे आठवले. ते आत गेले. पालखी निघायला दोन दिवस उरले होते आणि पातेरा घोट्याच्या वर होता.