ठकूबाईचा नगारा

दमलात ना? टेका जरा त्या कठड्याला. खालच्या वाइनरीत पेला आयता हातात मिळतो, इथे मात्र डोंगर चढल्याशिवाय काही मिळत नाही. आता हा बुरूज नीट बघा. दोन पुरुष उंच, आत जेमतेम चार माणसं मावतील. टेहळणीचा बुरूज म्हटला की चहूकडे झरोके हवेत. याला तीनच आहेत. ज्या बाजूला आमचं करंजवेढे गाव आणि द्राक्षबागा, तीच बाजू दगडांनी बंद. येणारा प्रत्येक जण म्हणतो, गवंडी चुकला. गवंडी चुकला नव्हता.

फार पूर्वी, पेंढाऱ्यांच्या धामधुमीत, इथे नुसता लाकडी माळा होता आणि त्यावर नगारा. द्राक्षं तेव्हाही होती म्हणे, पांगाऱ्याच्या झाडांवर वेल चढवलेले. राखणदार होता भिवजी गांगुर्डे. धुळीचा लोट दिसला की त्याने नगारा वाजवायचा आणि गावाने मागच्या घळीत जाऊन लपायचं. घळीतून बाहेरचं काही दिसत नाही. म्हणून ठरलं होतं, नगारा वाजतोय तोवर आत राहायचं. थांबला की धोका टळला, बाहेर यायचं.

त्या वर्षी ऐन तोडणीच्या दिवसांत भिवजी माळ्यावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. त्याच्या जागी त्याची बायको ठकूबाई राखणीला बसू लागली. भिवजी खाली बागेत खाटेवर बसून गोफणीने पाखरं हाकायचा.

एका सकाळी खिंडीत धूळ उठली. ठकूबाईने नगारा सुरू केला आणि गाव पळालं. त्या गडबडीत भिवजीला उचलून नेणं राहून गेलं. भावाला वाटलं शेजाऱ्यांनी नेलं असेल, शेजाऱ्यांना वाटलं भावाने नेलं असेल. वरून ठकूबाईला मात्र बाग स्वच्छ दिसत होती, आणि खाटेवरचा नवराही.

तिने खाली धावावं, तर नगारा थांबणार आणि सगळं गाव पोराबाळांसकट घोड्यांच्या पुढ्यात चालत येणार. धावू नये, तर भिवजी जाणार. ती वाजवत राहिली. असं सांगतात की टिपऱ्या धरून तिचे तळहात सोलून निघाले होते.

पेंढाऱ्यांना घरं रिकामी मिळाली. सापडला तो एकटा भिवजी. नगारा थांबला की लपलेलं गाव बाहेर येणार, हे त्यांनी ताडलं. या कड्यावर घोडी चढेनात, म्हणून त्यांनी त्याला फरफटत पायथ्याशी आणलं आणि छातीला भाला लावला. "बाईला सांग, नगारा थांबव." भिवजीने मान वर केली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला, "ठके, हात थांबवू नको! इकडं बघू नको!"

ठकूबाईने गावाकडे पाठ फिरवली. त्यानंतर भिवजीचा आवाज आला नाही.

दुपारच्या आत पेंढारी पलीकडच्या खिंडीतून निघून गेले. जाताना ते तिला दिसले. तरी नगारा वाजतच राहिला. घळीत पोरं पाण्यावाचून कासावीस झाली, पण बाहेर पडायची कोणाची छाती होईना. उन्हं कलली तेव्हा ठकूबाईची जाऊ सोनाई जिवावर उदार होऊन वर आली. चारी दिशा मोकळ्या होत्या.

"अगं, गेले ना ते! थांबव की आता!"

ठकूबाई वाजवता वाजवताच म्हणाली, "थांबवला की खाली जावं लागंल गं."

सोनाईने तिचे दोन्ही हात घट्ट धरले, तेव्हा कुठे नगारा थांबला. मग दोघी मिळून खाली उतरल्या.

पुढे गावाने माळ्याच्या जागी हा बुरूज बांधला. झरोका कुठे नको, ते ठकूबाईने स्वतः उभं राहून सांगितलं. त्यानंतरही अकरा वर्षं ती राखणीला बसली म्हणे. मला विचाराल तर, खाटेवरचा माणूस विसरून पळालो याची लाज गावाला अजून वाटते, आणि वाटायलाच हवी.

आजही पहिल्या तोडणीच्या दिवशी इथे नगारा वाजतो. वाजवणाऱ्याने तो आपणहून थांबवायचा नसतो. गावातलं कोणीतरी वर चढून येतं, त्याचे दोन्ही हात धरतं आणि त्याला सोबत घेऊन उतरतं. इथून कोणालाही आम्ही एकट्याने खाली जाऊ देत नाही.